बाजारात पडलेलं कार्ड

ग्योर्लिट्झ, ६ नोव्हेंबर

प्रिय इनेस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, मी ठणठणीत आहे. डोळे तेवढे आणखी अधू झालेत. मधोमध धुकं आणि कडेकडेनं दिसतं, म्हणून ओळी वाकड्या जातायत.

लिहायचं कारण एवढंच की माझं बँकेचं कार्ड हरवलंय. खात्याच्या कागदावर तुझं नाव तुझ्या बाबांनी घालून ठेवलंय, ते अजून तसंच आहे. तेव्हा बँकेकडून तुला ब्रेमेनला काहीतरी येईल. ते उघडून वाच, न वाचता फाडू नकोस. माझी पत्रं तू वाचतेस की नाही मला माहीत नाही, पण बँकेचं वाच.

गेल्या गुरुवारी मी बाजारात गेले होते. कोबी घेतला, चरबीची बरणी घेतली, पर्स काढताना कार्ड खाली पडलं असणार. सोमवारी संध्याकाळी खाटकाच्या दुकानात उभी राहिले आणि पर्समध्ये कार्डच नाही. मागे रांग. खाटीकबाई म्हणाली, "राहू द्या नोआकबाई, उद्या द्या." सगळ्यांसमोर ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोझेना सोबत होती म्हणून घरापर्यंत आले. बोझेना तुला माहीत नसेल. नदीपलीकडची, पोलिश बाई. आठवड्यातून चार दिवस येते, दोन वर्षं झाली. आंघोळ, केस, औषधं, बाजार, सगळं तीच बघते. मला मशीनवरचे आकडे दिसत नाहीत, तेव्हा पैसे काढायलाही तीच सोबत येते. तिनंच तो कार्ड बंद करायचा नंबर लावून दिला. पलीकडून माणूस बोलेना, यंत्र बोलत होतं. खाते क्रमांक सांगा म्हणे. मी म्हटलं, "थांबा हो, चष्मा शोधते." यंत्र म्हणालं, "समजलं नाही." बोझेना हसत सुटली. मलाही हसू आलं, अशा वेळी येऊ नये तरी.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. तिथं प्रॉइस म्हणून एक तरुण मुलगा बसतो, फार सभ्य. त्यानं सांगितलं, कार्ड बंद व्हायच्या आधीच दोनदा पैसे निघालेत. रविवारी संध्याकाळी एकदा, सोमवारी सकाळी एकदा. माझं महिन्याचं पेन्शन गेलं, आणि माझ्या दफनासाठी बाजूला ठेवलेलंही गेलं. गुप्त नंबर पहिल्याच फटक्यात बरोबर दाबलाय म्हणाला. आता पोलिसांत तक्रार द्यायची, कारण बँकेनं बंद केलं तरी काही दुकानांत ते नुसत्या सहीवर चालतं, ते बंद करायचं काम पोलिसांकडं.

तर असं सगळं मार्गी लागतंय. नवं कार्ड टपालानं येईल, नंबर वेगळ्या पाकिटातून येईल. तू काळजी करू नकोस. म्हणजे करत असशील तर.

इथं थंडी पडली. रविवारी मी गुंडाळलेलं मटण आणि बटाट्याचे गोळे केले. खूप दिवसांनी केले, पण जमले.

तुझी,
आई


ग्योर्लिट्झ, १९ नोव्हेंबर

इनेस,

चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. भिंग घेऊन पाहिलं. नुसतं एक कार्ड, त्यावर दीपस्तंभाचं चित्र आणि मागे एकच ओळ: "त्या रविवारी फाल्क घरी आला होता का?"

कशी आहेस नाही, काही नाही. बरं. प्रश्न आहे तर उत्तर देते. नव्हता आला.

तुझा हा प्रश्न मला आवडला नाही. कुठं काही हरवलं की पहिलं तुझ्या भावाचं नाव. लहानपणीही असंच होतं. तुझे हातमोजे शाळेत राहिले तरी तू म्हणायचीस, फाल्कनं लपवले. तो आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. गोदामातलं काम सुटलं, हे खरं. जुगाराच्या मशीनवर बसायचा, हेही खरं. पण ते सोडलंय त्यानं. त्यानं स्वतः मला सांगितलंय. तू जाऊन विचार.

बटाट्याचे गोळे मी माझ्यासाठी केले होते. म्हाताऱ्या बाईला खावंसं वाटत नाही का? उरलेले दुसऱ्या दिवशी लोण्यात परतून खाल्ले.

स्वयंपाकघरातला दिवा मात्र त्यानं बदलला. स्टुलावर चढून, तोंडात स्क्रू धरून, मला म्हणाला, "म्हातारे, खालून हलू नकोस, पडलो तर तुझ्यावरच पडेन, दोघांचा खर्च एकात निघेल." पण ते आदल्या आठवड्यात. की त्याच्याही आदल्या. वार माझ्या लक्षात राहत नाहीत.

पोलिसांत जाऊन आले. बाई होत्या, किटेल नावाच्या, तुझ्याच वयाच्या. चांगल्या वागल्या. आधीच सांगून टाकलं त्यांनी, "नात्यातलं कुणी यात असेल तर तुम्हाला बोलायची सक्ती नाही, नोआकबाई. तसं नुसतं म्हणा." मी म्हटलं, "छे, नात्यातलं कोण असणार? बाजारात पडलं."

तिथं थोडा घोळ झाला. बोझेना शेजारी बसली होती. ती मध्येच म्हणाली, "गुरुवारी कसं पडेल? शुक्रवारी आपण औषधाच्या दुकानात कार्डानंच पैसे दिले ना? डोळ्यांचे थेंब घेतले तेव्हा?"

मी म्हटलं, "तुझा काहीतरी घोटाळा होतोय बोझेना, ते आदल्या शुक्रवारी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असेल."

किटेलबाईंनी औषधाच्या दुकानात फोन लावला. शुक्रवारच होता. म्हणजे कार्ड शुक्रवारी माझ्याकडं होतं. त्यांनी विचारलं, "त्यानंतर कार्डाला हात कुणी लावला?" मी सांगितलं, कुणी नाही. त्यांनी विचारलं, "दुकानात मशीनमध्ये कार्ड कुणी घातलं? नंबर कुणी दाबला?" आता ते बोझेनानंच ना दाबलं, मला कुठं दिसतं. तसंच सांगितलं. जे खरं ते सांगितलं.

बोझेना येताना ट्राममध्ये खिडकीबाहेर बघत होती. माझा हात मात्र धरूनच होती, उतरेपर्यंत.

तू परत लिहिलंस तर बरं वाटेल. फाल्कबद्दल नको, तुझ्याबद्दल लिही.

आई


ग्योर्लिट्झ, ६ डिसेंबर

इनेस,

तुझं उत्तर नाही. मी धरलंच नव्हतं.

आज सकाळी किटेलबाईंनी बोलावलं होतं. पैसे काढायच्या मशीनवर कॅमेरा असतो, त्याचा फोटो बँकेकडून आला म्हणे. कागदावर मोठा करून ठेवला होता. रविवारचा. स्टेशनजवळची शाखा. बाहेर अंधार, आत पांढरा उजेड, आणि मशीनसमोर एक माणूस.

त्यांनी विचारलं, "ओळखता का?"

मी म्हटलं, "बाई, मला दिसतच नाही नीट."

"मग पडद्यावर मोठं करून दाखवते," म्हणाल्या, आणि दाखवलं.

चेहरा नव्हताच तसा. टोपी कपाळापर्यंत ओढलेली, मफलर नाकापर्यंत. कुणीही असू शकेल. अशा निळ्या जाकिटाची माणसं स्टेशनवर शंभर फिरतात. डावा खांदा जरा पडलेला होता, शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर घेऊन पोरं चालतात ना, तसा. आणि एक पाय दुसऱ्यावर टेकवून उभा होता. मशीनवर एवढं मोठं पाप करताना माणूस असा आरामात कसा उभा राहील, हे मला कळेना. बाहेर थंडी असणार, कारण उजवा हात काखेत घातला होता, ऊब घ्यायला.

मी म्हटलं, "नाही ओळखत."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "बोझेनाच्या ओळखीत या बांध्याचा कुणी पुरुष आहे का? नवरा, भाऊ?"

त्या वेळी मी नाही म्हणायला हवं होतं. साधं 'नाही'. मी म्हटलं, "तिचा नवरा एकदा तिला न्यायला आला होता. उंच आहे. बाकी मला काय माहीत."

उंच आहे. एवढंच म्हटलं.

बाहेर चौकात संत निकोलसच्या वेषातला कुणीतरी पोरांना अक्रोड वाटत होता. मलाही दिले दोन. म्हणाला, "आजीबाई, वर्षभर शहाण्यासारख्या वागलात ना?"

पत्र आज टाकत नाही. उद्या बघू.


८ डिसेंबर

इनेस, वरचं सगळं तसंच ठेवते. फाडणार होते, पण दुसऱ्यांदा लिहायला डोळे नाहीत.

तू वर वाचून म्हणालीच असशील, अर्ध्या आंधळ्या बाईला इतकं कसं दिसलं.

तो होता. रविवारी जेवायला आला होता. दिवा त्यानं त्याच दिवशी बदलला. सहा गोळे खाल्ले, सॉसचं भांडं पावानं पुसलं, बाबांच्या खुर्चीत डुलकी काढली. मी भांडी घासत होते. माझी पर्स बाहेर खुंटीला असते. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली, नेहमी टेकवतो तशी, आणि म्हणाला, "येतो आई." तो सहसा मला म्हातारी म्हणतो. आई म्हणाला तेव्हाच मला काहीतरी टोचलं होतं.

गुप्त नंबर त्याला शोधावा लागला नाही. त्याचीच जन्मतारीख होती. बाबा गेल्यावर मी बदलून घेतला होता, लक्षात राहावा म्हणून. तुझीही तारीख माझ्या लक्षात असते. पण ठेवली त्याची. हे तुला लागणार, म्हणून लिहायचं नव्हतं.

सोमवारी खाटकाच्या दुकानात पर्स उघडली त्या क्षणीच मला कळलं होतं. कार्ड बाजारात पडल्याची गोष्ट मी घरी चालत येताना, बोझेनाच्या हाताला धरून, रचली.

आज बोझेना आली नाही. तिला पाठवणाऱ्या संस्थेतून फोन आला की चौकशी संपेपर्यंत तिला कामावरून थांबवलंय. दुसरी मुलगी येईल. मी म्हटलं, "का बरं?" ती बाई म्हणाली, "नोआकबाई, तुम्हीच ना तक्रार दिलीत?"


ग्योर्लिट्झ, १४ डिसेंबर

इनेस,

मागचं पत्र टाकलं. आता तू वाचलंस की नाही हे विचारत बसणार नाही. पुढचं सांगते.

परवा दारावर बोझेना आली. घराची किल्ली परत द्यायला. नेहमी आली की आधी बूट काढते, कोट टांगते आणि "काय राणीसरकार, झोप लागली का?" म्हणते. या वेळी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी आत ये म्हटलं तर म्हणाली, "नको. लेख खाली उभा आहे."

लेख तिचा नवरा. तो नदीच्या अलीकडं, आपल्या बाजूला, फर्निचरच्या कारखान्यात कामाला आहे. पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं, फोटोशेजारी उभं केलं. कारखान्यात दोन शिपाई गेले होते चौकशीला. आता तिथले लोक त्याला बघून आपापले खिसे दाबून दाखवतात. गंमत म्हणून. बोझेनानं मला ते करून दाखवलं, कोटाचे दोन्ही खिसे दाबून. तिला रडू येत होतं की राग, कळलं नाही.

मी म्हटलं, "बोझेना, मी तुझं नाव नाही घेतलं."

"नाही घेतलं," ती म्हणाली. "पण ती नव्हे असंही नाही म्हणालात."

मी दाराची चौकट धरली.

"मी तुम्हाला आंघोळ घालते नोआकबाई, तुमचे केस विंचरते. तुमचं कुठं दुखतं ते तुम्ही सांगायच्या आधी मला तोंडावरून कळतं. त्या दिवशी खाटकाच्या दुकानातच मला कळलं होतं. वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. आई आहात तुम्ही, अवघड असतं. मलाही मुलगा आहे. पण माझ्या मुलाला शाळेत कुणी विचारलं, तुझा बाप चोर आहे का, तर मी काय सांगू?"

किल्ली माझ्या हातावर ठेवली, मूठ मिटून दिली आणि खाली गेली. जिन्यात पावलांचा आवाज किती वेळ येत होता.

मी कोट घातला. नवी मुलगी यायची होती, तिची वाट बघितली नाही. एकटी गेले. ट्राम दिसली नाही म्हणून चालत गेले, भिंतीला हात लावत.

किटेलबाई जेवत होत्या. डबा बाजूला ठेवला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "फोटोतला माणूस माझा मुलगा आहे. फाल्क नोआक. बोझेनाचा आणि तिच्या नवऱ्याचा काही संबंध नाही. मी खोटं बोलले."

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून दिली. म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, नात्यातलं असेल तर बोलायची सक्ती नाही?"

मी म्हटलं, "मी 'बोलत नाही' म्हटलं असतं तर तुम्हाला कळलंच असतं की."

"कळलं असतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. संस्थेला आणि कारखान्याला त्या स्वतः कळवणार, त्या दोघांवर काही संशय नाही म्हणून. हे त्यांनी माझ्यासमोरच फोनवर सांगितलं. मला वाटलं, झालं. उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा. अजून एक आहे."

कायदा असा आहे इनेस, मला माहीत नव्हतं. पोटच्या मुलानं आईचे पैसे चोरले, तर आईनं त्याच्या नावानं वेगळ्या तक्रारीवर सही केली तरच खटला पुढं जातो. नाही केली तर इथंच मिटलं. त्याला काही होणार नाही. बोझेनाचं नाव तर निघालंच. बँक पैसे देणार नाही, ते गेलेच, सही केली तरी आणि नाही केली तरी.

"म्हणजे मी घरी जाऊ शकते?" मी विचारलं.

"जाऊ शकता. तुमच्यावर आहे. घाई नाही, विचार करून या हवं तर."

त्यांनी आणखी एक सांगितलं. त्याच्या नावावर आधीचं एक प्रकरण आहे. चेमनिट्झला, मालकाच्या गल्ल्याचं. शिक्षा स्थगित ठेवलेली आहे. मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसांत तो मला सांगायचा, चेमनिट्झला प्रशिक्षणाला जातोय. आता सही केली तर ती शिक्षाही उघडेल बहुतेक. न्यायाधीशावर आहे म्हणाल्या, पण बहुतेक.

मी तिथं बसून राहिले. त्यांनी कॉफी आणून दिली, ती गार झाली. मला तुझी आठवण येत होती असं लिहिलं तर छान वाटेल वाचायला, पण खरं सांगते, तुझी येत नव्हती. मला तो दिसत होता. गोवर आला होता तेव्हाचा, अंगभर पुरळ, आणि मला म्हणतोय, "आई, मला मोज, किती फोड आहेत ते मोज." तेव्हा बारीक आवाज होता.

घरी गेले असते तर काय झालं असतं? रविवारी तो आला असता. मी गोळे केले असते. तो म्हणाला असता, काय ग, कार्ड सापडलं का? मी म्हटलं असतं, नाही रे, बाजारात पडलं. आणि आम्ही दोघांनी मिळून ते कार्ड पुन्हा एकदा बाजारात पाडलं असतं. जेवलो असतो. त्याला कळलं असतं की मला माहीत आहे, आणि मला कळलं असतं की त्याला कळलंय. असे किती रविवार गेलेत आमचे, तुला ठाऊक आहे. तू त्यातूनच उठून गेलीस.

मी सही केली. रेघ दिसत नव्हती. किटेलबाईंनी माझं बोट धरून कुठं करायची ते दाखवलं.

आई


ग्योर्लिट्झ, २७ डिसेंबर

प्रिय इनेस,

सणाच्या दोन दिवसांत लिहायचं धाडस झालं नाही. आज लिहिते.

आधी बोझेनाचं. सहीनंतर दोन दिवसांनी मी पुलावरून पलीकडं गेले. नवी मुलगी सोबत होती, तिला पुलावर थांबवलं. नदी अगदी काळी होती. खसखशीचा केक नेला होता, घरी केलेला, साखर जरा जास्त झालेली. बोझेनानं दार उघडलं. आत घेतलं, कॉफी दिली. लेख टेबलाशी बसला होता. उठला नाही. मी त्याच्यासमोर उभी राहून माफी मागितली. ऐकून झाल्यावर तो बायकोला पोलिशमध्ये काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणाले? बोझेना म्हणाली, "म्हणतोय, तुम्ही हे कारखान्यात येऊन सांगाल का?"

मी म्हटलं, येईन. आणि गेले. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. चाळीसेक माणसं पाव खात बसली होती. मी सांगितलं, "पैसे माझ्या मुलानं चोरले. या माणसाचा काही संबंध नाही. मी पोलिसांना फसवलं." एकानं मान खाली घातली. बाकीचे चघळत राहिले. एवढंच झालं. लेखनं मला फाटकापर्यंत सोडलं, बर्फावर पाय घसरू नये म्हणून कोपराला धरून.

बोझेनाला संस्थेनं परत घेतलं. पण ती आता दुसऱ्या घरी जाते. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तुमच्यावर राग नाही, नोआकबाई. पण मी आता तुमच्या पर्सला हात लावायला भिणार, आणि तुम्ही तिकडं बघायला भिणार. असं काम होत नाही." तिचं खरं आहे.

आता फाल्कचं.

नाताळच्या आधीच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या रविवारी आला. दर रविवारी एक वाढवायची, त्या चारही मेणबत्त्या लावल्या होत्या. मी गोळे केले नव्हते. पाव आणि चीज ठेवलं. तो हसला, "काय म्हातारे, संप केलास की काय?"

मी म्हटलं, "बस. जेवायच्या आधी ऐक. पोलिसांना मी तुझं नाव सांगितलंय. फोटो त्यांच्याकडं आहे. तक्रारीवर सही केलीय."

तो हसतच राहिला थोडा वेळ. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले.

"इनेसनं सांगितलं तुला."

"नाही. इनेस माझ्याशी बोलत नाही."

"मग त्या पोलिश बाईनं."

"तिचं नाव काढू नकोस. तिच्या नवऱ्याला तुझ्या जागी उभं केलं होतं त्यांनी. आणि मी करू दिलं."

"परत देणार होतो मी. एकदा ते जुगाराचं मशीन लागलं असतं ना, तर सोमवारीच परत खुंटीला, तुला कळलंही नसतं. लागणारच होतं आई, तीन दिवस दिलं नव्हतं त्यानं."

त्याच्याकडून हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की पुढचं वाक्य मीच म्हटलं असतं.

"सही मागं घे," तो म्हणाला. "घेता येते. मला माहीत आहे, घेता येते. जाऊन सांग, म्हातारी आहे, गोंधळले. तुझं ऐकतील ते. तुला दिसत नाही, त्यांना माहीत आहे."

"मागं घेता येते," मी म्हटलं. "किटेलबाईंनी सांगितलंय. पण मी घेणार नाही."

"मी आत जाईन, कळतंय ना तुला? चेमनिट्झचं पण उघडेल."

"कळतंय. चेमनिट्झचं मला त्यांच्याकडून कळलं."

तेव्हा तो बसला. बाबांच्या खुर्चीत नाही, स्टुलावर. एका मेणबत्तीचं सांडलेलं मेण नखानं खरवडलं. मग विचारलं, "फोटो कसा आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी. कसा दिसतो?"

मी म्हटलं, "थंडी वाजत असल्यासारखा."

तो रडायला लागला इनेस. आवाज न करता, लहानपणी तुझ्याशी भांडून हरला की रडायचा तसा. मी उठले नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, नाटक. मलाही ते नाटक आहे की खरं, कळलं नाही. आता कळायचं वयही राहिलं नाही. मी टेबलाची कड धरून बसले, कारण उठले असते तर त्याच्या डोक्यावर हात ठेवला असता आणि उद्या सकाळी पोलिसांत गेले असते, सही मागं घ्यायला. मी मला ओळखते.

पाव न खाताच गेला. जाताना जिन्यात दोन मजले उतरून परत वर आला. मला वाटलं, आता काहीतरी तोडफोड करतो. दारातून म्हणाला, "दिवा हलतोय बघ, स्क्रू नीट बसला नाही. खाली उभी राहू नकोस." आणि गेला.

नाताळला आला नाही. फोन बंद आहे. तो राहायचा त्या खोलीच्या मालकिणीला विचारलं, तर म्हणाली, सामान नेलं. कोर्टाचं बोलावणं जानेवारीत येईल, तोवर सापडला तर. रोज संध्याकाळी मी दूध आणि पाव टेबलावर ठेवते आणि सकाळी स्वतःच खाते. पश्चात्ताप होतो का म्हणून विचारशील, तर होतो. रोज होतो. दुपारी जास्त होतो. तरी मी ट्राम पकडून तिकडं गेलेले नाही.

तू ये असं म्हणत नाही. हे सगळं तू यावंस म्हणून केलेलं नाही, आणि तसं तुला वाटू नये म्हणूनच इतका वेळ लिहिलं नव्हतं.

एकच सांगायचं आहे, त्यासाठी आज पेन हातात घेतलं. त्याला दुसरं कुणी नाही. आज ना उद्या तो तुला फोन करेल. ब्रेमेनलाच पोचला असेल तर दारावरही येईल. पैसे मागेल, ते देऊ नकोस. जेवायला मात्र घाल. आणि तो तुला सांगेल की आईनं मला पोलिसांच्या ताब्यात दिलं, स्वतः जाऊन नाव सांगितलं, सही केली आणि रडलो तरी मागं घेतली नाही.

तू म्हणशील, हा पुन्हा खोटं बोलतोय, आपली आई असं करणार नाही.

या वेळी त्याच्यावर विश्वास ठेव.

आई